दोन खजूर, साठ मीटर

रविवारची पहाट. जबल हफीतच्या पायथ्याशी, ग्रीन मुबझ्झराजवळ गाडी लावली. मुलाने सायकल उतरवली, टायर अंगठ्याने दाबून पाहिले आणि डब्यातले दोन खजूर तोंडात टाकले. बिया माझ्या तळहातावर ठेवत म्हणाला, "आई, एवढे पुरतील ना वरपर्यंत?"

विचारलं त्याने सहजच. पण जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला सहज काही विचारू नये. मी पेट्रोलच्या पावतीची मागची बाजू बॉनेटवर पसरली आणि पेन काढलं.

हफीतचा घाट ११.७ किलोमीटरचा. सायकलवाले त्यात साधारण ७०० मीटर उंची चढतात. दर वर्षी युएई टूरचे सायकलपटू याच वळणांवरून वर जातात. तादेय पोगाचार इथे एकापेक्षा जास्त वेळा पहिला आलाय, हे मला घरी रोज ऐकावं लागतं. माझा मुलगा ६५ किलोचा, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून १० किलो. ७५ किलो वजन ७०० मीटर वर न्यायचं म्हणजे सुमारे १२५ किलोकॅलरींचं काम. मात्र स्नायूंना ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा कामी लावता येतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे खर्च पाचशेच्या घरात. वारा आणि टायरची घासण धरली तर आणखी थोडा. बी काढलेला मध्यम खजूर आठेक ग्रॅमचा, त्यात २२ किलोकॅलरी.

"दोन खजुरांवर तू साठ मीटर चढशील," मी म्हटलं.

"आणि उरलेले सहाशे चाळीस?"

"कालच्या वरणभातावर. परवाच्या पोळीवर. जा आता."

तो गेला. मागचा लाल दिवा पहिल्या वळणावर दिसेनासा झाला आणि मी गाडी सुरू केली. अल ऐनमध्ये मला १९ वर्षं झाली. इथल्या शाळेत दहावी-बारावीच्या मुलांना मी श्वसनाचा धडा १९ वेळा शिकवलाय. पण तो धडा मला स्वतःला नीट कळला तो इथल्या खजुरांमुळे आणि माझ्या बाबांमुळे. बाबा जीवशास्त्र शिकलेले नाहीत. ते कोयनेच्या पोफळीच्या वीजगृहात ऑपरेटर होते.

धबधबा आणि वीजगृह

समजा, ते दोन खजूर मुलाने खाल्ले नाहीत. मी ते वाळवून, कुटून चुलीत टाकले. भडका उडेल, थोडा धूर होईल, राख उरेल. बाहेर पडणारी उष्णता मोजली तर ती खजूर खाऊन शरीराला जेवढी ऊर्जा मिळते, जवळजवळ तेवढीच भरेल. साखर तीच, ऑक्सिजन तोच, आणि शेवटी उरणारे कार्बन डायऑक्साइड आणि पाणीही तेच. ही बरोबरी पहिल्यांदा मोजून पाहिली अंतोन लाव्हाझिए आणि लाप्लास या दोन फ्रेंच माणसांनी, १७८०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळतो आणि तो किती वायू सोडतो, हे मोजलं, आणि जळत्या कोळशाशी ते ताडून पाहिलं. श्वास घेणं हे एक प्रकारचं मंद जळणं आहे, असं त्यांनी सांगितलं. जळतं कुठे, हे मात्र चुकलं. लाव्हाझिएला वाटलं, फुप्फुसात. प्रत्यक्षात ते अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत चालतं. मुलाच्या मांडीत, माझ्या डोळ्यात, आणि माझ्या हातातल्या या बियांमध्येही, अगदी मंद.

पण पेशीत भडका उडाला तर पेशीच उरणार नाही. मग तेवढीच ऊर्जा ३७ अंशांवर, पाण्यात, ज्योतीशिवाय बाहेर कशी काढायची?

मुलांना हे सांगताना मी सह्याद्री काढते. पावसाळ्यात सह्याद्रीचं पाणी कड्यावरून खाली कोकणात पडतं. धबधबा होतो, आवाज होतो, तुषार उडतात, माणसं फोटो काढतात आणि सगळी ऊर्जा वाया जाते. तेच पाणी कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात अडवून बोगद्यातून साडेचारशे मीटरहून जास्त खाली सोडलं की वाटेत चक्र फिरतं आणि पुण्या-मुंबईत दिवे लागतात. उंची तीच आणि पाणीही तेच. फरक फक्त वाटेचा. चुलीतला खजूर म्हणजे धबधबा. पोटातला खजूर म्हणजे पोफळी.

मी आठ वर्षांची असताना बाबांनी मला एकदा त्या वीजगृहात नेलं होतं. डोंगराच्या पोटात. आत शिरल्यावर आधी आवाज ऐकू आला नाही, तळपायांना जाणवला. जमीन बारीक थरथरत होती. "पाणी कुठंय?" मी विचारलं. "दिसत नाही," बाबा म्हणाले. "कामाला लागलेलं पाणी दिसत नसतं."

नीरा आणि ताडी

पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. पोफळ नावातच असलेल्या गावातून मी खजुरांच्या गावात आले. अल ऐनचं मरूद्यान गावाच्या मध्यावर आहे. १२०० हेक्टर, दीड लाखाच्या आसपास खजुराची झाडं. डोंगराच्या बाजूने जमिनीखालून आणलेलं पाणी फलजमधून, म्हणजे आपल्या भाषेत पाटांतून, खेळतं. ज्याची बारी त्याच्या वाफ्यात पाणी. २०११ साली युनेस्कोने हे सगळं जागतिक वारशाच्या यादीत घातलं. भर उन्हाळ्यात, बाहेर ४७ अंश असताना, झाडांच्या त्या सावलीत शिरलं की आपल्याकडच्या आगरात आल्यासारखं वाटतं.

जुलैत इथे खजूर पिकतो. आधी खलाल: पिवळा किंवा लाल, करकरीत, किंचित तुरट. मग टोकाकडून मऊ पडत जातो, तो रुतब. पूर्ण वाळला की तमर. या पिकण्यात फळ स्वतःच पहिली पायरी उरकून ठेवतं. इन्व्हर्टेज नावाचं विकर सुक्रोजचे, म्हणजे उसाच्याच साखरेचे, दोन तुकडे करतं: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. म्हणून रमजानमध्ये मगरिबच्या अजानीला माझ्या सहशिक्षिका खजुराने रोजा सोडतात, तेव्हा ती साखर झटकन रक्तात उतरते. दिवसभर त्यांचं यकृत आपल्या साठ्यातलं ग्लायकोजेन मोडून मेंदूला साखर पुरवत असतं. तो साठा फार नाही, शंभरेक ग्रॅमचा. सोबत चरबीही खर्चाला निघते. आपली एकादशीही अशीच असायला हवी. पण आपल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते, त्यामुळे यकृताला विशेष कष्ट पडत नाहीत.

मुलाने खाल्लेल्या खजुरातलं ग्लुकोज आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मांडीच्या स्नायूपेशीत शिरलं. तिथे पहिली कारवाई होते: सहा कार्बनांच्या रेणूचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे. दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला वेगळं विकर. या कामाला ऑक्सिजन लागत नाही. हाती पडतात दोन एटीपी.

एटीपी हा पेशीत सगळीकडे चालणारा रेणू. त्याच्या शेपटीला फॉस्फेटचे तीन मणी असतात. टोकाचा मणी सुटला की जी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर स्नायू आखडतो, मज्जातंतू पुन्हा सज्ज होतो, नवी प्रथिनं विणली जातात. हा रेणू १९२९ साली जर्मनीत कार्ल लोहमान यांना सापडला. त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनाही सापडला. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. पुस्तकात त्यांचं नाव एका ओळीत येतं. मी त्या ओळीपाशी वर्ग थांबवते.

ग्लुकोजचे दोन तुकडे करण्याची ही कारवाई फार जुनी आहे, हवेत ऑक्सिजन साठण्याच्याही आधीची. यीस्टला ऑक्सिजन मिळाला नाही तर ते इथेच थांबतं आणि उरलेल्या तुकड्यांची दारू करून टाकतं. आपल्याकडे नीरा उन्हं चढण्याच्या आत प्यायची, ती याचसाठी. शिंदीच्या झाडाला लावलेल्या मडक्यात रात्री गोड रस ठिबकतो. सूर्य वर आला की हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टचं काम सुरू होतं आणि दुपारपर्यंत नीरेची ताडी होते. शिंदी ही खजुराची सख्खी चुलत बहीण. दोन्ही फिनिक्स प्रजातीतल्या. हे आंबणं जिवंत यीस्टशिवायही, नुसत्या गाळलेल्या रसातही होतं, हे १८९७ साली एदुआर्ड बुखनरने दाखवलं. तिथपासून विकरांचा शोध खऱ्या अर्थाने सुरू झाला.

पाचव्या किलोमीटरपाशी मी मुलाला मागे टाकलं. चढ तिथे तिखट होतो. तो पेडलवर उभा राहून मारत होता, तोंड उघडं. त्या क्षणी त्याच्या मांडीतल्या पेशीही यीस्टसारख्याच घाईत असतात. वीजगृहाला झेपेल त्यापेक्षा जास्त तुकडे येऊन पडले की पेशी त्यांचं लॅक्टेट करते. दारू होत नाही, हे आपलं नशीब. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी अंग दुखतं त्याचा दोष आपण याच लॅक्टेटला देतो, तो खोटा. लॅक्टेट तासाभरात रक्तातून उचललं जातं, हृदय आणि यकृत ते आनंदाने वापरतात. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूतंतूंना पडलेल्या बारीक चिरांचं.

हमाल आणि बटाटा

आता तुकडे तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या वीजगृहात, शिरतात. पेशीत अशा शेकडो, स्नायूत तर हजारो. आत एक फेरा आहे. तुकडा एका रेणूला चिकटतो, गोल फिरतो आणि प्रत्येक फेरीत त्याचा कार्बन सुटून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. हान्स क्रेब्जने १९३७ साली शेफील्डमध्ये हा फेरा जुळवला आणि छोटं टिपण 'नेचर'कडे पाठवलं. संपादकांकडे पत्रांचा ढीग साठलेला होता, त्यांनी ते परत केलं. क्रेब्जने ते दुसरीकडे छापलं. १९५३ साली त्याला नोबेल मिळालं. नापास झालेल्या मुलांना मी ही गोष्ट दोनदा सांगते.

हा कार्बन शेवटी नाकातून बाहेर पडतो. वजन कमी झालं की ते 'घामावाटे गेलं', असं आपण म्हणतो. हिशेब मांडला तर दहा किलो चरबी खर्च झाली की तिच्यातली साडेआठ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि जेमतेम दीड किलोचं पाणी होतं. मुलाचे साठ मीटरचे खजूरही हफीतच्या वळणांवर असेच उडून गेले.

क्रेब्जच्या फेऱ्यात एटीपी फार बनत नाही. तिथे बनतात ओझी. सुटलेले इलेक्ट्रॉन वाहून न्यायला हमाल रेणू असतात. हे हमाल ब जीवनसत्त्वांपासून बनतात, नायसिनपासून आणि रायबोफ्लेविनपासून. त्यामुळे दुकानात 'ताकदीच्या गोळ्या' म्हणून मिळणाऱ्या ब जीवनसत्त्वांत ताकद अशी काहीच नसते. हमाल कमी असतील तर गोळी उपयोगी. हमाल पुरेसे असतील आणि गोदाम रिकामं असेल, तर आणखी हमाल भरून काय करणार?

हमाल ओझं कुठे उतरवतात, या प्रश्नापाशी एक मराठी बाई येते. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. सी. व्ही. रामन संचालक होते. कमलाबाई अडून बसल्या, तेव्हा अटी घालून घेतलं. वर्षभर उमेदवारी, आणि इतरांच्या कामात अडथळा नको. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे काही वर्षांपूर्वी, १९२५ साली, डेव्हिड कायलिनने एक साधा पण विलक्षण प्रकार पाहिला होता. बेकरीच्या यीस्टचा दाट घोळ त्याने रंगपट दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रंगांच्या पट्ट्यावर चार काळ्या रेघा दिसल्या. घोळ हवेत हलवला, रेघा गायब. ठेवून दिला, रेघा परत. लोह असलेली कसली तरी प्रथिनं ऑक्सिजनशी देवघेव करत होती, इलेक्ट्रॉन घेत होती आणि देत होती. त्यांना नाव पडलं सायटोक्रोम. यीस्टमध्ये आणि प्राण्यांत ती होतीच. वनस्पतींचं काय?

कमलाबाईंनी बटाटा घेतला आणि त्याच्या पेशींत सायटोक्रोम सी शोधून काढलं. रॉबिन हिल यांच्याबरोबर केलेलं त्यांचं टिपण १९३९ साली 'नेचर'मध्ये आलं. त्याच वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंध चाळीसच पानांचा. बटाट्यातही आणि माणसातही इलेक्ट्रॉन त्याच साखळीतून खाली उतरतात, हे त्या पानांचं सार. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवलं, पुढे संचालक झाल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला, त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. बटाट्यापासून शिंदीपर्यंत. माझ्या वर्गातल्या केरळी, पाकिस्तानी आणि इजिप्शियन मुलांना मी त्यांचं नाव नीट उच्चारायला लावते. सो-हो-नी.

धरण

साखळी आहे तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात. इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, वरून खाली, पायरी-पायरीने उतरतात. प्रत्येक मोठ्या उताराला एक पंप चालतो आणि हायड्रोजनचे धन कण, म्हणजे प्रोटॉन, पडद्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलतो. कोयनेत पाणी वर नेऊन ठेवायचं काम पाऊस करतो. इथे ते इलेक्ट्रॉन करतात. पडद्यापलीकडे प्रोटॉन साठत जातात, तुंबतात, परत यायला पाहतात. पडदा त्यांना येऊ देत नाही. परतीचा रस्ता मुख्यतः एकच, आणि त्या रस्त्यावर चक्र बसवलेलं आहे.

पीटर मिचेलने १९६१ साली हे मांडलं तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नाही. सगळे कुठला तरी मधला रासायनिक रेणू शोधत होते आणि हा माणूस म्हणत होता, रेणू शोधू नका, पडद्याच्या दोन बाजूंमधला फरक पाहा. १९७८ साली त्याला नोबेल मिळालं. आणि चक्र खरोखर चक्रच निघालं. १९९७ साली जपानी संशोधकांनी या यंत्राच्या आसाला एक चमकता धागा चिकटवला, यंत्र उलटं चालवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा गरगर फिरताना पाहिला. त्याच वर्षी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना या यंत्राबद्दल नोबेल मिळालं. प्राण्यांच्या पेशीत आठ प्रोटॉन आत आले की एक फेरा पुरा होतो, आणि एका फेऱ्यात तीन एटीपी. रुंदी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी.

मी त्या फिरत्या धाग्याची फीत पहिल्यांदा पाहिली आणि बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ पाहिलं. "टर्बाइनच की," म्हणाले.

मग ऑक्सिजन कशाला? धडा शिकवून झाल्यावर हा प्रश्न विचारला तर निम्मा वर्ग म्हणतो, "अन्न जाळायला." वीजगृहाच्या मागे टेलरेस असते, वापरलेलं पाणी बाहेर काढणारा कालवा. पोफळीचं पाणी तिथून पुढे वाशिष्ठीत जातं आणि दाभोळला समुद्रात. टेलरेस तुंबली तर मागचं पाणी पुढे सरकत नाही आणि भरलेलं धरण असूनही चक्र थांबतं. ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनांचा समुद्र. साखळीच्या अगदी शेवटी तो उभा असतो, उतरून आलेले इलेक्ट्रॉन घेतो, प्रोटॉन घेतो आणि पाणी होतो. तो नसला की साखळी वरपर्यंत तुंबते, पंप थांबतात, पडद्यामागचा साठा ओसरतो. सायनाइड एवढंच करतं: शेवटच्या प्रथिनात जाऊन बसतं आणि ऑक्सिजनची जागा अडवतं. माणूस हवेत असूनही त्याच्या पेशी गुदमरतात.

इथल्या उंटबाजारात गेलं की पाहुणे हमखास विचारतात, "वशिंडात पाणी असतं ना?" नसतं, चरबी असते. पण प्रश्न अगदीच वेडा नाही. एक ग्रॅम चरबी पेशीत पूर्ण खर्ची पडली की श्वासातल्या ऑक्सिजनचं वजन धरून एक ग्रॅमपेक्षा थोडं जास्तच पाणी तयार होतं, ते याच टेलरेसला. तरी उंटाला त्याचा फायदा नाही, कारण तेवढा ऑक्सिजन आत घ्यायला जितके श्वास लागतात, त्यांतून वाळवंटाच्या कोरड्या हवेत तेवढं पाणी निघून जातं. उंटाची खरी हुशारी वेगळी. तो दिवसा अंगाचं तापमान चाळीस अंशांपर्यंत चढू देतो, रात्री चौतिसापर्यंत उतरवतो आणि घाम वाचवतो. क्नुट श्मिट-नील्सनने १९५०च्या दशकात सहारात जाऊन हे मोजलं.

लोड किती?

एका ग्लुकोजमागे शेवटी तीस-बत्तीस एटीपी पदरात पडतात. माझ्या बारावीच्या पुस्तकात ३८ होते. तेव्हा झिरपणारे प्रोटॉन आणि वाहतुकीचा खर्च धरलेला नव्हता.

आणि हे एटीपी साठवता येत नाहीत. इथे मला बाबा आठवतात. संध्याकाळी सात वाजता ते घड्याळाकडे बघायचे. घरोघरी दिवे लागायची वेळ, कोयना याच वेळेसाठी. "धरणात पाणी साठतं, वीज साठत नाही," हे त्यांचं नेहमीचं. लोड चढला की पाणी वाढवायचं, उतरला की कमी करायचं. माणसाच्या अंगात कुठल्याही क्षणी शंभर ग्रॅमच्या आतबाहेर एटीपी असतं आणि दिवसभरात बनतं जवळजवळ त्याच्या स्वतःच्या वजनाएवढं. तेच रेणू मणी सोडतात, परत लावून घेतात, दिवसातून शेकडो वेळा. धरण म्हणजे चरबी आणि ग्लायकोजेन. एटीपी म्हणजे वीज. पेशीतही लोड ठरवतो ती मागणीच. रिकामे झालेले रेणू परत आले तरच चक्र फिरतं आणि चक्र फिरलं तरच साखळी पुढे सरकते. म्हणून जास्त खाल्ल्याने माणूस जास्त पळत नाही, धरण तेवढं भरतं. आणि पळू लागला की आधी धाप लागते, भूक नंतर.

वरच्या गाडीतळावर मी गाडी लावली तेव्हा पूर्वेला ओमानच्या बाजूने उजाडत होतं. खाली अल ऐनचे दिवे, मध्ये मरूद्यानाचा काळा ठिपका. सव्वा तासाने मुलगा आला. सायकलवरून उतरला आणि तिच्यावरच वाकून उभा राहिला. पाठीतून वाफ निघत होती. पाचशे किलोकॅलरींतल्या पावणेचारशे अशा बाहेर पडत होत्या.

मी चिपळूणला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दीड तास पुढे, बाबांचा चहा झालेला. ते ऐंशीच्या पुढे आहेत.

"लोड किती झाला?" त्यांनी विचारलं.

मी पावतीवर युनिटमध्ये गुणाकार केला. "अर्ध्या युनिटच्या थोडा वर, बाबा."

"अर्धं युनिट!" ते नातवाला म्हणाले. "एवढ्यावर धाप? अरे, सगळी कोयना चालली तर १९६० मेगावॉट. तुझा घाट सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकेल."

"तुमच्या कोयनेचं वजन किती, बाबा?" मी म्हटलं. "किलोला किलो तोललं तर नुसता बसलेला माणूस सूर्यापेक्षा हजारो पट जास्त ऊर्जा सोडतो."

ते गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे. त्यांना दुसरंच काहीतरी सुचलं होतं.

"मेंटेनन्सला शटडाउन कधी घेता?"

ऑपरेटरचा प्रश्न. १९ वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला तो विचारला नव्हता. मी म्हटलं, घेत नाही. जुन्या तंतुकणिका पेशी एकेक करून मोडीत काढते, नव्या घडवते, चालू कामातच. जन्माच्या आधीपासून एक क्षणही सगळं बंद होत नाही.

"म्हणजे शटडाउन एकदाच," बाबा म्हणाले.

"हो. एकदाच."

त्यांनी मान हलवली, लॉगबुकात नोंद केल्यासारखी. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन पडद्यात पाहिलं. मुलगा अजून सायकलवर वाकलेलाच होता.

"त्याला आधी काहीतरी खायला दे," ते म्हणाले. डब्यात चार खजूर उरले होते.